दुसऱ्याची केस

लातूरच्या लॉजमध्ये सकाळी आरशासमोर दाढी करता करता डॉ. वीरण्णा बिराजदार समितीपुढं सांगायची केस घोकत होते, आणि घोकता घोकता एकदम म्हणाले, “शेवटी तिनं पाणी मागितलं.” पलीकडच्या कॉटवर बुटाची नाडी बांधत बसलेल्या साहेबरावचा हात थांबला. हे वाक्य केसमध्ये नव्हतं. ती केस त्यानंच वीरण्णांना दिली होती, तिचा शब्द न् शब्द त्याला पाठ होता, आणि हे वाक्य तिच्यात नव्हतं. ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, भावाला नाही, नांदेडच्या शिबिरात तर नाहीच. आणि आता ते अर्ध्या गालाला साबण लावलेल्या उदगीरच्या एका गुबगुबीत डॉक्टरच्या तोंडून, थोडासा कानडी हेल घेऊन, लॉजच्या खोलीत येऊन पडलं होतं. वीरण्णांनी आरशातूनच त्याच्याकडं पाहिलं. “कसं वाटलं वाठोरे? आत्ता सुचलं बघा. समितीतली सगळी माणसं पाण्यानं जेरीला आलीत. पाणी म्हटलं की कान टवकारतील.” साहेबराव म्हणाला, “चांगलंय.” नाडीची गाठ मारून झाली होती की मारायची होती, हे त्याला आठवेना. त्यानं ती सोडून पुन्हा मारली.

केसमधली ती बाई म्हणजे साहेबरावची बायको होती, सिंधु. हे वीरण्णांना ठाऊक नव्हतं, शिबिरातल्या कुणालाच नव्हतं, आणि त्यानं ते लपवलं असंही म्हणता येत नाही. कुणी विचारलं नाही आणि त्याच्या तोंडून निघालं नाही, एवढंच. ते वाक्य कानावर पडल्यावर आता काहीतरी होईल म्हणून तो कॉटच्या कडेला वाट बघत बसला. छातीत कळ येईल, डोळे भरतील, निदान हात तरी थरथरेल. काही झालं नाही. गेल्या श्रावणापासून हे असंच चाललं होतं. सिंधुला अग्नी देऊन परतल्यावर त्यानं लगेच दवाखाना उघडला, तेव्हा गावातली माणसं चरकली होती. निलंगा तालुक्यातलं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं गाव, तिथला एका ट्रस्टचा दवाखाना, आणि त्याच्या दाराशी नेहमीसारखा बसलेला डॉक्टर. डॉक्टर धीराचा आहे असं कुणी म्हणालं, काळीज दगडाचं आहे असं कुणी म्हणालं. त्याला स्वतःला दोन्ही खरं वाटलं नाही. भाकर गोड लागत होती, ठेचा तिखट लागत होता, झोप येत होती. फक्त हे सगळं भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात चालल्यासारखं होतं. एकदा दुपारी पेशंट नसताना, अंगावरचा चट्टा बधिर आहे का हे जसं तपासतात, तशी त्यानं स्वतःची तपासणी केली. डोळे मिटून टाचणीनं दंडाला, तळव्याला, गालाला टोचून पाहिलं, कापसाचा बोळा फिरवून पाहिला. सगळीकडं कळत होतं. बधिर जागा एकही सापडली नाही. तुम्हाला काही झालेलं नाही, असं पेशंटला सांगतात तसं त्यानं स्वतःला सांगितलं आणि टाचणी स्पिरिटमध्ये टाकून दिली.

शिबिर नांदेडला होतं. लातूर जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, पाट्या रंगवून झाल्या होत्या, कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत बसल्या होत्या, आणि कुठल्या तालुक्याला काय द्यायचं हे ठरवणाऱ्या समितीपुढं ओढाताण चालू होती. कारखानेवाले बोलत, ठेकेदार बोलत, कालवेवाले बोलत. डॉक्टर तेवढे मागच्या खुर्चीवर बसून घड्याळ बघत, कारण तिकडं त्यांचे पेशंट खोळंबलेले असत. हे पाहून पाहून आप्पासाहेबांचं डोकं फिरलं. आप्पासाहेब म्हणजे निवृत्त सिव्हिल सर्जन, नांदेडच्या वजिराबादेत राहणारे, बोलायला फटकळ आणि चहाचे भलते शौकीन. सगळी नोकरी वरच्या साहेबांकडं औषधं मागण्यात गेली आणि मागायचं कसं ते रिटायर व्हायच्या वर्षी कळलं, असं ते स्वतःच सांगत. त्यांनी दोन्ही जिल्ह्यांतले तरणे डॉक्टर गोळा केले आणि महिन्यातल्या एका रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांना बोलायला शिकवू लागले. “तुमाला आजार सांगता येतो, मागणी सांगता येत न्हाई,” ते म्हणायचे. “साहेबासमोर गेले की लगेच त्याची नाडी बघायला लागता. तो काय तुमचा पेशंट हाय का, मियाँ? त्याच्याकडून काय घ्यायचं ते आधी ठरवा.” एकानं मंत्री व्हायचं, एकानं कलेक्टर, एकानं पेंगणारा सभासद. हिमायतनगरकडचा एक डॉक्टर पेंगणाऱ्या सभासदाचं काम इतकं मन लावून करी की खरोखर घोरायला लागे. बोलणाऱ्यानं उभं राहायचं, आधी एक माणूस सांगायचा, मग मागणी सांगायची, आणि आप्पासाहेबांनी बशीवर चमचा वाजवला की वाक्य अर्धं असलं तरी खाली बसायचं.

पण शिबिराची खरी खोच वेगळीच होती. तिथं कुणीही आपली स्वतःची केस सांगायची नाही. पहिल्याच रविवारी अर्धापूरची एक डॉक्टरीण आपल्या पेशंटबद्दल सांगताना मध्येच हुंदके द्यायला लागली. आप्पासाहेबांनी तिला पाणी दिलं, खुर्चीत बसवलं आणि सगळ्यांकडं वळून म्हणाले, “हे खरं हाय, पण हे चालत न्हाई. डॉक्टरला रडू आलं की साहेब चहा सांगतो, पाठीवर हात ठेवतो, आन् फाइल बाजूला सारतो. म्या लई बघितलं हे. तवा तुमचं जे असंल ते दुसऱ्याला द्या. दुसरा सांगंल. त्याचा गळा दाटत न्हाई.” मग जोड्या लागल्या. वीरण्णांनी साहेबरावला साप चावलेला एक सालगडी दिला, उदगीरच्या पुढच्या वस्तीवरचा, लस मिळाली नाही म्हणून बैलगाडीतच गेलेला. त्या बदल्यात आपण काय द्यायचं म्हणून साहेबरावनं थोडा वेळ डोक्यात चाचपलं आणि हाताला जे लागलं ते दिलं. “पेशंट, वय चोवीस,” तो म्हणाला. “पहिलटकरीण. बाळंत झाल्यावर रक्त थांबेना. लातूरला हलवली. औशाच्या अलीकडं गेली.” हे सांगताना त्याला नवल वाटलं ते इतकंच, की किती थोडक्यात बसलं सगळं. मागणीही तयारच होती. निलंग्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त ठेवायची सोय हवी आणि भूल देणारा डॉक्टर हवा. तो असता तर लातूरपर्यंत जायची वेळ आली नसती, हे कुणाच्याही ध्यानात आलं असतं.

पुढच्या खेपांना केस तासायचं काम सुरू झालं. आप्पासाहेब विचारत, साहेबराव सांगे, वीरण्णा मान डोलावून डोक्यात भरत. नवरा काय करायचा? नोकरी, साहेबराव म्हणाला. “नोकरी नको,” आप्पासाहेब म्हणाले. “नोकरदाराची बायको म्हटलं की समिती म्हणणार, मग आधीच गाडी करून का न्हाई नेली. दुष्काळी कामावर जायची का ती?” साहेबराव गप्प राहिला आणि गप्प राहिला म्हणजे हो, असं धरून सिंधुला रस्त्याच्या कामावर खडी फोडायला पाठवण्यात आलं. दोन खोल्यांचं क्वार्टर गेलं. तिचं राहिलेलं बी.ए.चं वर्ष गेलं. खिडकीत ठेवलेला रेडिओ गेला, आणि त्यावर गाणं लागलं की ती भाजी चिरायची थांबायची, तेही गेलं. साहेबराव एकेक वस्तू जाताना बघत होता आणि त्याला बरं वाटत होतं. घर रिकामं केल्यावर वाटतं तसं मोकळं मोकळं. शेवटी, वीरण्णा चहा सांगायला बाहेर गेले असताना, आप्पासाहेबांनी विचारलं, “बाळाचं काय?” “जगलं,” साहेबराव म्हणाला. “मुलगी.” आप्पासाहेबांनी चमचा बशीत ठेवला. “मग ते काढा. लेकरू जगलं म्हटलं की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो, आन् जीव भांड्यात पडला की मंजुरी निघत न्हाई. खोटं बोला असं न्हाई म्हणून राहिलो मी. सांगू नका फक्त.” साहेबराव म्हणाला, “बरं.” त्यानंतर वीरण्णा केस म्हणून दाखवू लागले की ती औशाच्या अलीकडं संपायची, तिच्यापुढं कुणी उरायचंच नाही, आणि पुन्हा पुन्हा ऐकून ते साहेबरावच्याही अंगवळणी पडलं. आपल्याला मुलगी आहे हे त्याला ठाऊक होतं, जसं गोदावरीला पलीकडचा काठ आहे हे ठाऊक असतं. पण तिकडं जायचं काही काम पडत नव्हतं.

मुलगी हदगाव तालुक्यात त्याच्या गावी होती. सिंधु गेली त्या दिवशी शेजारच्या सरजाबाईंच्या सुनेनं लेकराला कापडात गुंडाळून आपल्या पदराखाली घेतलं होतं, आणि मग त्याची आई केवळाबाई एसटीनं आली, कुणाशी काही न बोलता नातीला उचलून घेऊन गेली. जाताना ती एवढंच म्हणाली, “नाव ठेवायला ये.” तो गेला नाही. आधी दवाखान्यात गॅस्ट्रोची साथ होती, टँकरचं पाणी पिऊन माणसं रांगेनं येत होती. मग साथ सरली तरी तो गेला नाही. फाल्गुनात शिबिराच्या रविवारी त्याचा थोरला भाऊ किशनराव नांदेडला शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. अर्धापूरला बस थांबली तेव्हा घेतलेला केळीचा घड त्याच्या हातात होता. पाण्याअभावी बागा बसल्या होत्या, केळी बोटाएवढाली होती. “साहेबा, पोरगी बसून राहिली आता,” किशनराव म्हणाला. “कान तुझ्यावानी हायत. भंतेजी दोनदा विचारून गेले, मंगलमैत्री कधी ठेवायची. माय म्हणती, बाप आल्याबिगर नाव न्हाई ठेवायचं. नुसतं बाई बाई म्हणून राहिलो आम्ही.” साहेबरावनं विचारलं, “दूध पचतं का?” “हाव.” “वजन?” किशनरावनं केळीचा घड त्याच्या हातात दिला. लहानपणी शाळेत मागच्या ओळीत बसवत तेव्हा हाच भाऊ मास्तरांशी भांडला होता, आणि साहेबा डाक्टर होनार म्हणून स्वतः रोजगाराला गेला होता. तो म्हणाला, “वजन म्या काय केलं न्हाई. तू येऊन कर.” “हे संपलं की येतो,” साहेबराव म्हणाला, आणि आत चमचा वाजला म्हणून वळला. केळी त्यानं शिबिरात वाटली. त्या दिवशी सापाची केस त्यानं इतकी झकास सांगितली की पेंगणारा सभासदसुद्धा जागा राहिला. आप्पासाहेब म्हणाले, “वाठोरे, तुमी लई पुढं जाल.”

लॉजवर माणशी अर्धी बादली मिळत होती. वीरण्णांनी पेलाभर पाण्यात दाढी उरकली होती, उरलेल्यात दोघांनी तोंडं धुतली आणि ते पायीच निघाले. उन्हं चढायच्या आधीच गंजगोलाईतला रस्ता तापला होता. एका गल्लीच्या तोंडाशी रिकाम्या घागरी दोरीत ओवून ओळीनं ठेवलेल्या होत्या. माणसं सावलीला बसली होती आणि त्यांच्या वतीनं घागरीच रांगेत उभ्या होत्या. कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा मिळाला, पाणी मागितलं तर मालक म्हणाला, चहातच आलं की साहेब. वीरण्णा हसले. वीरण्णा हा माणूस मुळात भला, पोटात काही न ठेवणारा, आणि मिळालेली केस चांगली वठावी यासाठी त्यांचा जीव खालीवर होत होता. “आज तुम्ही आधी, मग मी,” ते म्हणाले. “माझ्या सापाचं तुम्ही सोनं कराल, मला काळजी नाही. तुमच्या बाईची मला काळजी वाटते. ते पाण्याचं घालू ना? खोटं नाही ते. इतकं रक्त गेलं की तहान लागतेच. पुस्तकातच आहे.” म्हणजे हे एवढं सोपं होतं. वीरण्णांना कुणी काही सांगितलं नव्हतं, ते पुस्तकातून तिच्यापर्यंत पोचले होते. साहेबराव बशीकडं बघत म्हणाला, “पण पाणी देत नाहीत. पुढं भूल द्यायची असते. पोटात पाणी असलं तर श्वासात जातं.” वीरण्णांनी मांडीवर थाप मारली. “होय की! मग तसंच म्हणतो. तिनं मागितलं आणि डॉक्टरला देता आलं नाही, कारण लातूरपर्यंत भूल देणारा कुणी नव्हता. अजून भारी झालं बघा.” साहेबरावनं चहाचे पैसे दिले. हे नको, असं म्हणायला काही हरकत नव्हती. पण नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं.

सिंधुला नेलं ती जीप ट्रस्टची होती. मागच्या बाकावर सिंधु आडवी, तिचं डोकं त्याच्या मांडीवर, पाय उंच करून सरजाबाईंच्या मांडीवर, लेकरू सरजाबाईंच्या सुनेकडं घरी. एका हातानं तो सलाइनची बाटली धरून होता, दुसऱ्या हातानं तिचं पोट चोळत होता, गर्भाशय घट्ट व्हावं म्हणून. ते क्षणभर घट्ट होई आणि पुन्हा सैल पडे. श्रावण होता आणि आभाळ पुसून ठेवलेल्या परातीसारखं कोरडं होतं. औशाच्या अलीकडं एका गावाशी रस्त्यात टँकर उभा होता आणि त्याच्याभोवती सगळं गाव. घागरी, कळश्या, हंडे, डबे, पोरं, म्हाताऱ्या, भांडणं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, खाली उतरून हात जोडत होता, पण पाइप कुणाच्या तरी हातातून सुटला होता आणि पाणी रस्त्यावर सांडत होतं, आणि सांडणाऱ्या पाण्याखाली भांडं धरायचं सोडून बाजूला कोण होणार. जीपच्या चाकापर्यंत ओघळ आला. मातीचा वास आत शिरला. सिंधुनं डोळे उघडले आणि ती म्हणाली, “पाणी द्या ना थोडं.” ओठ पांढरे पडले होते, पण आवाज नेहमीचा होता, जेवताना मागावं तसा. सरजाबाई त्याच्याकडं बघायला लागल्या. तो म्हणाला, “आत्ता नाही. लातूरला गेल्यावर.” डॉक्टर म्हणून बोलला तो. बरोबरच बोलला. लातूरला तिला टेबलवर घेतलं असतं, भूल दिली असती, हे सगळं गृहीत धरून तो बोलला. ती म्हणाली, “बरं.” आणि तिनं मान वळवून टँकरकडं पाहिलं. वाट मोकळी झाली, जीप हलली, आणि गावाची शेवटची झाडं मागं पडायच्या आत त्याच्या हाताखालचं पोट घट्ट-सैल व्हायचं थांबलं. इतकंच. यातलं केसमध्ये बसण्यासारखं काही नव्हतं. आणि आज वीरण्णांनी ते अचूक बसवलं होतं.

समिती कचेरीच्या लांबट हॉलमध्ये बसली होती. मध्ये अध्यक्ष, पांढरी टोपी, जाड चष्मा, समोर तालुकावार फायलींची चवड. दोन्ही बाजूंना सभासद, आणि एका टोकाला समितीतली एकुलती एक बाई, धुरपताबाई, डोक्यावरून पदर घेतलेली, सकाळपासून अवाक्षर न बोललेली. प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याचा पेला झाकण घालून ठेवलेला होता आणि झाकण कुणी उघडत नव्हतं. सभा लांबली तर पुरायला हवं, असा विचार असावा. आप्पासाहेब मागच्या भिंतीशी बसले होते. आज त्यांच्याजवळ बशी नव्हती, चमचा नव्हता. साहेबरावचं नाव आधी पुकारलं. तो उभा राहिला, नाव, पदवी, गाव सांगितलं, आणि सालगडी बैलगाडीत चढला. गाडीवानानं बैलांना कसं दामटलं, सालगड्याच्या जिभेला कसा जडपणा येत गेला, पापण्या कशा मिटत गेल्या, आणि मालकाच्या पोराला तो शेवटपर्यंत कसा सांगत राहिला की म्हशीला पाणी पाज. हे म्हशीचं कुणी जोडलं होतं, वीरण्णांनी की त्यानं स्वतः, हे आता त्याला सांगता आलं नसतं. आवाज लागायचा तिथं लागला, थांबायचं तिथं तो थांबला. अध्यक्षांनी चष्मा पुसला, शेजारी काही कुजबुजले आणि म्हणाले, “उदगीरकडं लस ठेवायची सोय करा. धरा हे.” लगोलग. सभासदांनी माना डोलावल्या. साहेबराव बसला तेव्हा वीरण्णांनी टेबलाखाली त्याचा हात दाबला. त्यांचा तळवा घामानं ओला होता. त्यांचा माणूस खरोखरचा मेला होता, त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि आता त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. साहेबरावला त्यांचा हेवा वाटला. एवढंच त्याला वाटलं.

मग वीरण्णा उठले. ते घाबरले होते, म्हणून सुरुवातीला घाईनं बोलले, पण बाई खडी फोडायला लागली तशी त्यांची लय सापडली. वय चोवीस. पहिलटकरीण. हातांना घट्टे. साहेबराव मांडीवर हात ठेवून ऐकत होता, आणि ती दुसरीच कुणी होती, घट्टे पडलेल्या हातांची, तिचं वाईट व्हायला हवं होतं तसं होत होतं. जीप निघाली. टँकरचं वीरण्णांना ठाऊक नव्हतं, त्यामुळं रस्ता मोकळाच होता. “शेवटी तिनं पाणी मागितलं,” वीरण्णा म्हणाले, आणि हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. “आणि डॉक्टरला ते देता आलं नाही, साहेब. कारण पुढं भूल द्यायची होती. भूल देणारा लातूरला होता. ती औशाच्या अलीकडं तहानलेलीच गेली.” अध्यक्षांनी निलंग्याची फाइल उघडून पुढ्यात घेतली, पेनचं टोपण काढलं. आप्पासाहेब मागं किंचित पुढं झुकले. झालं होतं. आता फक्त सही. आणि तेवढ्यात टोकावरून धुरपताबाई म्हणाल्या, “आन् लेकरू?”

हा प्रश्न शिबिरात केस ऐकून कधी कुणी विचारला नव्हता. मंत्र्यानं नाही, कलेक्टरनं नाही, पेंगणाऱ्या सभासदानं नाही; तिथं सगळे डॉक्टरच होते. वीरण्णांनी केस मनात पुन्हा शेवटापर्यंत चाळली. त्यांनी म्हणून म्हणून गुळगुळीत केलेल्या केसमध्ये औशाच्या पुढं काही नव्हतं, आणि काही नाही याचा अर्थ त्यांनी लावला तोच कुणीही लावला असता. “लेकरूबी गेलं, बाई,” ते हळू आवाजात म्हणाले. धुरपताबाईंनी तोंडाला पदर लावला.

“न्हाई.” हा आवाज कुणाचा म्हणून सगळ्यांनी पाहिलं, आणि साहेबरावनंही पाहिलं असतं, पण तो उभा होता, म्हणजे तोच बोलला होता. शिबिरात शिकवलेल्या आवाजाचं त्यात काही नव्हतं. ही त्याच्या आईची बोली होती. “न्हाई गेलं. हाय. जित्ती हाय ती. हदगावकडं माझ्या मायपाशी हाय. बसून राहिली आता.”

“तुम्ही कोण?” अध्यक्षांनी विचारलं. मघाशी नाव, पदवी, गाव सगळं सांगून झालं होतं, पण तो माणूस हाच, हे त्यांना ओळखू आलं नसावं.

“बाप,” साहेबराव म्हणाला.

वीरण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. ते वळून त्याच्याकडं बघत राहिले, आणि सकाळचा आरसा, साबण, कसं वाटलं वाठोरे, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक येऊन गेलं. अध्यक्षांचं पेन तसंच वर राहिलं होतं. “म्हणजे हे जे सांगितलं ते खरं का खोटं?” “खरं हाय,” साहेबराव म्हणाला. “माझी बायको हाय ती. सिंधु. खडी न्हाई फोडली तिनं. बी.ए. करून राहिली होती. रक्त खरं हाय. लातूर खरं हाय. पाणी मागितलं ते खरं हाय. समोर टँकर होता साहेब, पाणी रस्त्यावर सांडून राहिलं होतं. म्या न्हाई दिलं.” तो थांबला. आपण मागणी सांगितलीच नाही, हे त्याच्या लक्षात आलं. रक्त, भूल देणारा डॉक्टर, निलंगा. आता ते तीन शब्द म्हणायचे आणि खाली बसायचं. पण घशात काहीतरी आलं होतं, आणि ते शब्दांच्या वाटेत होतं, आणि ते दुखत होतं. टाचणी लावून जे सापडलं नव्हतं ते इथं होतं तर. हे इतकं दुखतं हे त्याला माहीत नव्हतं.

धुरपताबाईंनी आपल्या पुढ्यातला पेला उचलला, झाकण काढलं आणि टेबलावरून त्याच्याकडं सरकवला. “नाव काय पोरीचं?”

साहेबरावनं पेला हातात घेतला. मग म्हणाला, “ठेवायचं हाय अजून. माझ्यासाठी थांबलेत.”

“मग हितं काय करून राहिलास, बाबा?” धुरपताबाई म्हणाल्या. रागावून नाही, उन्हात उभ्या असलेल्या माणसाला सावलीत ये म्हणावं तशा.

त्यानं पेला तोंडाला लावला. पहिला घोट आत जाईना, मग गेला, आणि तो रडायला लागला. सगळ्या समितीसमोर, पेला दोन्ही हातांत धरून, नाक ओढत, आवाज करत तो रडत राहिला. मागं आप्पासाहेबांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्ष उठून टेबलाला वळसा घालून आले, त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “बसा, बसा डॉक्टर. चहा सांगा रे यांना,” ते शिपायाला म्हणाले, आणि जाग्यावर परत जाऊन त्यांनी निलंग्याची फाइल मिटून बाजूला सारली.